‘ड’ वर्गातली नोकरी

आमच्या वाचनालयात रोज सकाळी सहाला वीस-पंचवीस तरुण येतात आणि त्यांतल्या एकालाही वाचनालयातलं पुस्तक नको असतं. पुस्तकं ते घरून आणतात. त्यांना हवी असते खुर्ची, डोक्यावर पंखा, आजूबाजूला शांतता आणि हात पोचेल इतक्या अंतरावर मोबाइलचा प्लग. प्लगवरून भांडणं होतात. कादंबरीवरून भांडण गावात एकदाच झालं. ‘छावा’ सिनेमा आला आणि शिवाजी सावंतांच्या त्याच नावाच्या कादंबरीसाठी एकदम नऊ जणांनी नंबर लावला. त्यातल्या आठ जणांनी पुढे सिनेमा पाहिला आणि नंबर सोडून दिला. नववा अजून पहिल्या भागात आहे.

गाव सोयगाव तालुक्यातलं. नाव सांगत नाही. वाचनालयाची तपासणी कधी येईल याचा नेम नसतो. तालुक्याचं म्हणाल तर तो मुळातच जरा गोंधळलेला. अजिंठ्याची लेणी आमच्या तालुक्यात, पण ज्या गावावरून त्यांना नाव पडलं ते अजिंठा शेजारच्या सिल्लोड तालुक्यात. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, पण बाजारहाट आणि दवाखाना पाचोरा-जळगावकडे. नकाशात मराठवाडा, बोलण्यात खान्देश. ‘तुम्ही नेमके कुठले?’ या प्रश्नाला आम्ही सरावलेलो आहोत. पण आमच्या ग्रंथपालांना जे विचारतात त्यापुढे हे काहीच नाही. त्यांना विचारतात, ‘वाचनालयाचं ठीक आहे भाऊ, पण तुम्ही कामाला कुठं आहात?’

भाऊ या खुर्चीत बसायला आलेच नव्हते. ते समोरच्या बाकावर बसायला आले होते. पोलीस भरतीची तयारी चालू होती. धावणं झकास, लेखी बरं. पण पुरुष उमेदवाराला उंची लागते १६५ सेंटिमीटर, आणि भाऊ पट्टीखाली उभे राहिले की मोजणारा नुसती मान हलवायचा. त्याच सुमारास आधीचे ग्रंथपाल ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून लागले. गावानं नारळ देऊन त्यांचा सत्कार केला, कारण ही सरळसरळ बढती होती. जाताना त्यांनी वाचनालयाची किल्ली भाऊंच्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘दोन महिने बघ. इथं उंचीची अट नाही. वरच्या कप्प्यासाठी स्टूल आहे.’

ते दोन महिने अजून चालू आहेत.

या पेशात सगळे असेच येतात की काय कोण जाणे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा फोटो प्रत्येक वाचनालयात असतो, ते शि. रा. रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि आठवड्याभरात पुन्हा कॉलेजच्या प्राचार्यांसमोर जाऊन उभे राहिले: मला परत घ्या, तिथं करमत नाही. प्राचार्यांनी शहाणपणा केला. आधी इंग्लंडला जाऊन ये, तिथली ग्रंथालयं बघ, तरीही नको वाटलं तर तुझी जागा आहेच, असं सांगितलं. रंगनाथन लंडनला गेले आणि परतल्यावर ग्रंथालयातून हलेनात. आज त्यांचा १२ ऑगस्ट हा वाढदिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. भाऊ दर वर्षी त्या दिवशी फोटोला हार घालतात आणि घालताना पुटपुटतात, ‘तुम्हाला निदान लंडनला तरी पाठवलं.’ भाऊंना सोयगावला पाठवतात, झेरॉक्स काढायला.

आता पैशाचं. वाचकहो, हा भाग वाचताना कुणी हसू नये, भाऊंच्या घरचेही हे मासिक वाचतात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा. त्याखाली मान्यता मिळालेली अकरा-बारा हजार वाचनालयं, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग, आणि वर्गाप्रमाणे अनुदान. गावोगावची बहुतेक वाचनालयं उतरंडीच्या तळाला, तसं आमचंही ‘ड’. २०२२मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा ‘ड’ वर्गाचे वर्षाचे ३० हजार होते त्याचे ४८ हजार झाले. पेपरात ठळक मथळा आला. गावात पेढे मागायला लोक आले. भाऊंनी पाटीवर खडूनं हिशेब मांडून दाखवला: अनुदानातला निम्मा भाग पगाराचा, म्हणजे २४ हजार. भागिले बारा. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, पेपर, मासिकं, वीजबिल, ऑडिट आणि वाळवीचं औषध. भागाकार झाल्यावर पेढे मागणारे गप्प झाले आणि त्यातल्या एकानं भाऊंना चहा पाजला. कापूसवेचणीला किलोमागे दहा रुपये धरले आणि हात बरा चालला, तर भाऊंचा महिन्याचा पगार शेतात चार-पाच दिवसांत निघतो. शिवाय वेचणीचा पैसा आठवड्याच्या बाजाराला हातात येतो. अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत यायचं असतं, म्हणजे कागदावर. आमच्या किराणा दुकानदाराच्या वहीत भाऊंच्या नावापुढे ‘हप्ता आल्यावर’ असं कायमचं लिहिलेलं आहे. तो तारीखसुद्धा टाकत नाही.

तरीही भाऊंचं लग्न झालं, आणि तेही या ‘ड’मुळेच. सरकारी नोकऱ्यांनाही अ, ब, क, ड असे गट असतात हे मुलींच्या बापांना तोंडपाठ आहे. गट ‘ड’ म्हणजे शिपाई वगैरे, पण सातव्या वेतन आयोगात मूळ पगारच १५ हजारांपासून सुरू, शिवाय महागाई भत्ता. मध्यस्थ हुशार होता. तो खोटं एक अक्षर बोलला नाही. ‘मुलगा शासनमान्य संस्थेत आहे, ड वर्ग, ग्रंथपाल,’ एवढंच म्हणाला आणि बाकीचं समजून घेण्याचं काम त्यानं मुलीकडच्यांवर सोडलं. हा वर्ग मुलाचा नसून वाचनालयाचा आहे, हे हळद उतरल्यावर कळलं. वहिनी समंजस. त्यांनी शिवणयंत्र घेतलं. आज घर त्या यंत्रावर चालतं आणि वाचनालयातल्या पुस्तकांची सुटलेली पानंही तेच यंत्र शिवतं, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या ‘ययाति’ला ब्लाउजच्या पिवळ्या दोऱ्याची शिलाई आहे.

पण करिअरमध्ये बढती नसते असं कुणी म्हणू नये. ‘ड’ वर्गात माणूस एकच. सकाळी कुलूप काढून झाडू मारतात तेव्हा भाऊ शिपाई असतात. सातला पेपर लावून देवघेवीची वही उघडली की लिपिक. नऊला खुर्चीत बसून चष्मा लावला की ग्रंथपाल. तीन तासांत दोन बढत्या अख्ख्या मंत्रालयात कुणाला मिळत नसतील. संध्याकाळी माठातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतताना ते पुन्हा शिपाई होतात आणि तसेच घरी जातात.

मधल्या वेळात काय करता, असं विचारणारे विचारतात. मधल्या वेळात नोंदी असतात. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला अंक द्यायचा, शिक्के मारायचे, खिसा चिकटवायचा, कार्ड करायचं. वार्षिक अहवाल, ऑडिट, कार्यकारी मंडळ बदललं की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट. मंडळाचे अध्यक्ष हयात असताना बदलत नाहीत हा त्यातला एक दिलासा. प्रशिक्षण वर्गात भाऊ ड्युईचं दशांश वर्गीकरण शिकून आले. त्यात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. भाऊंनी दोन उन्हाळे घालवून सगळ्या पुस्तकांच्या पाठीवर आकडे घातले. दुसऱ्या दिवशी आमचे नेहमीचे वाचक आबा आले आणि म्हणाले, ‘ते लाल पुठ्ठ्याचं दे, ज्यात शेवटी बाई विहिरीत उडी मारते.’ ड्युईनं १८७६ साली एवढी मोठी पद्धत काढली, पण विहिरीची सोय त्याच्याकडून राहून गेली. भाऊंनी मात्र पुस्तक काढून दिलं. पाठीकडे बघितलंही नाही. आमच्या वाचनालयात लाल पुठ्ठ्याची शंभरेक पुस्तकं आहेत आणि त्यांतल्या कमीत कमी सात बायका विहिरीत उडी घेतात. आबांची कोणती, हे फक्त भाऊंना माहीत. ही विद्या कोणत्याही प्रशिक्षण वर्गात शिकवत नाहीत. माझ्या मते ग्रंथपाल म्हणतात तो हाच, बाकी सगळी कारकुनी.

वाचकांचे बाकीचे नमुने चटकन सांगतो. निवृत्त मुख्याध्यापक पेपरच्या चार पुरवण्या चार मांड्यांखाली ठेवतात; दोन मांड्या त्यांच्या, दोन शेजारच्याच्या. शब्दकोडं रोज कुणीतरी आधीच पेननं सोडवून ठेवतं, तेही चुकीचं. एक गृहस्थ जळगाव आवृत्तीतले केळीचे भाव आणि संभाजीनगर आवृत्तीतलं राजकारण वाचतात, उलटं कधीच नाही. आणि एक वर्ग समासात लिहिणाऱ्यांचा. ‘नायक मूर्ख आहे.’ ‘पान ११२ पासून वाचावे.’ ‘लेखकाला शेती कळत नाही.’ भाऊ आधी यावर चिडायचे. मग एकदा लेण्यात गेले. दहाव्या लेण्यात १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दीड-दोन हजार वर्षांच्या चित्रावर स्वतःचं नाव खरवडलं, ते आज पुरातत्त्व खातं जपतं आणि गाइड कौतुकानं दाखवतो. तेव्हापासून भाऊ समासातलं खोडत नाहीत. दोनशे वर्षांनी बघू म्हणतात.

लेण्यात भाऊंना आणखी एक गोष्ट दिसली, सोळाव्या लेण्यातला शिलालेख. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकात ते लेणं करवून घेतलं, त्याची नोंद भिंतीवर कोरलेली. ‘बघा,’ भाऊ म्हणाले, ‘देणगीदाराचं नाव आलंच. आपलं कपाट काय वेगळं आहे?’ खरंच, आमच्या प्रत्येक कपाटावर, घड्याळावर, माठाच्या तिवईवर ‘यांच्या स्मरणार्थ’ आहे. पंखा एका कापूस व्यापाऱ्यानं दिला. त्यानं तिन्ही पात्यांवर वडलांचं नाव रंगवून घेतलं, आणि ते लाइट गेल्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. व्यापारी समाधानी आहे. आमच्याकडे ते पुष्कळ वेळा वाचता येतं.

आता खऱ्या विषयाकडे येतो. दर वर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. आमच्याकडे त्या दिवशी करिअर मार्गदर्शन ठेवतात, कारण नुसत्या वाचनाला लोक येत नाहीत. एका वर्षी शहरातून व्याख्याते आले. त्यांनी तासभर बोलून एकूण एक वाटा सांगितल्या: तहसीलदार, फौजदार, कृषी अधिकारी, बँक, रेल्वे, ड्रोन, मशरूम. वाचनालयात उभं राहून बोलत होते, पण वाचनालय ही वाट काही यादीत आली नाही. मध्येच घसा कोरडा पडला तेव्हा त्यांनी भाऊंकडे बघून ‘अहो, जरा पाणी देता का?’ एवढी दखल घेतली. भाऊंनी पाणी दिलं. मग आभाराच्या निमित्तानं माइक हातात आल्यावर भाऊंनी सयाजीरावांची गोष्ट सांगून टाकली. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोरगा, १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. अमेरिकेत फिरला, तिथली ग्रंथालयं पाहिली, आणि १९१० साली बॉर्डन नावाचा ग्रंथपाल तिकडून बोलावून बडोदा संस्थानात गावोगाव वाचनालयं काढली. लांबच्या गावांना लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एकानं हात वर करून विचारलं, ‘सर, दत्तकाची जागा पुन्हा कधी निघेल?’

नंतर एक मुलगी मात्र थांबली. म्हणाली, मला खरंच ग्रंथपाल व्हायचंय, काय करू? भाऊंना हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारला असावा. त्यांनी खुर्ची पुसून तिला बसवलं आणि सगळं नीट सांगितलं. पदवी झाली की बी.लिब. कर. संभाजीनगरला विद्यापीठात विभाग आहे, नाही जमलं तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून कर. मग एम.लिब., मग नेट किंवा सेट. सीनियर कॉलेजात ग्रंथपाल झालीस तर सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० रुपये. मुलीनं विचारलं, ‘आणि काम काय असतं?’ भाऊ म्हणाले, ‘हेच.’ मी शेजारी होतो. तेच ८९१.४६, तोच शिक्का, तोच खिसा, तीच लाल पुठ्ठ्यातली बाई. कॉलेजच्या कपाटात ती ५७,७००ला विहिरीत उडी मारते आणि आमच्याकडे दोन हजारांत. हे मला एखाद्या अर्थतज्ज्ञानं समजावून सांगावं. भाऊंना ते समजावून नको, त्यांना नुसता हप्ता वेळेवर हवा.

ती मुलगी एम.लिब.ला आहे. बाकीचे बाकावर आहेत. २०२३च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांहून जास्त अर्ज होते. त्यांतले सतरा आमच्या बाकांवरून गेले. परीक्षेचं शुल्क खुल्या वर्गाला एक हजार, मागास वर्गाला नऊशे. एका पोराकडे कमी पडले तेव्हा भाऊंनी दिले. म्हणजे अर्धा पगार. पुढे कुणी पास झालं की चौकात फ्लेक्स लागतो आणि वाचनालयातच सत्कार होतो. सत्कारमूर्ती आईवडिलांचे आभार मानतो, पुण्याच्या अकॅडमीचे मानतो, यूट्यूबवरच्या सरांचे मानतो. भाऊ शालीचं ताट धरून उभे असतात, म्हणून त्यांचं नाव घ्यायचं राहून जातं. रंगनाथन म्हणत की वाचकाचा वेळ वाचवा. आमच्या वाचकांचं वय निघून चाललंय, खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. ते वाचवण्याचं कलम रंगनाथनांच्या पाच सूत्रांत नाही. वयाची मर्यादा उलटली की ते पोरगं एक दिवस बॅग न घेता येतं, नुसतं बसतं, आणि भाऊ काही न बोलता त्याच्यापुढे एखादी कादंबरी सरकवतात. आमच्याकडचे खरे वाचक असे तयार झालेले आहेत.

आणि पास झालेले परत येतात तेही बघण्यासारखं. मे २०१२मध्ये सरकारनं राज्यातल्या सगळ्या वाचनालयांची पडताळणी महसूल खात्याकडून करून घेतली. खरं आहे की कागदावरचं, पुस्तकं आहेत की नुसती बिलं, पाटी आहे की नाही, सगळं मोजायला तलाठी, मंडळ अधिकारी गावोगाव निघाले. भाऊ तेव्हा खुर्चीत नवीनच होते. त्यांनी रात्र जागून कपाटं पुसली, पाटी रंगवली, आबांकडची पुस्तकं घरून मागून आणली. सकाळी पथक आलं. त्यात जे तलाठी भाऊसाहेब होते ते याच वाचनालयात, खिडकीजवळच्या प्लगपाशी बसून तलाठी झालेले. त्यांनी भाऊंना ओळखलं, पण पथकासमोर ओळख दाखवली नाही. ‘ग्रंथपाल कोण?’ असं विचारलं. भाऊ ‘मी’ म्हणाले.

मोजणी सुरू झाली. दाखल नोंदवही एका हातात, पुस्तकं समोर. दुपारपर्यंत सगळं जुळलं, एक पुस्तक सोडून. मंडळ अधिकाऱ्यांनी भुवई उंचावली: ‘एक ग्रंथ कमी आहे. जबाबदार कोण?’ भाऊंनी शांतपणे देवघेवीची वही काढली, पानं उलटली आणि बोट ठेवलं. पुस्तक ‘तलाठी भरती मार्गदर्शक’. वाचकाचं नाव, सही, तारीख. भाऊसाहेबांनी वाकून बघितलं आणि रुमालानं कपाळ पुसलं.

‘ते आता जुनं झालं असेल,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘अभ्यासक्रम बदलला.’

‘दाखल अंक नाही ना बदलत,’ भाऊ म्हणाले.

पथकात थोडी कुजबुज झाली. मंडळ अधिकारी अनुभवी होते. त्यांनी अहवालाचा नमुना पुढे ओढला, ‘ग्रंथांची देवघेव प्रत्यक्षात चालू आहे काय?’ या रकान्यासमोर ‘होय’ लिहिलं आणि भाऊसाहेबांकडे बघत पुढे कंसात लिहिलं, ‘पुरावा पाहिला’. वाचनालयाचा ‘ड’ वर्ग शाबूत राहिला. भाऊसाहेबांची बदली पुढच्या वर्षी कन्नडला झाली. पुस्तक अजून आलेलं नाही, आणि भाऊ दर ३१ मार्चला त्यांच्या नावापुढे विलंब शुल्क वाढवून लिहितात. अनुदानाचा हप्ता लांबला तर कन्नडला जाऊन ते वसूल करायचं, असं त्यांनी वहिनींना सांगून ठेवलंय.